शब्दचर्चा: दूषण न देता 'कृत्रिम' कसं म्हणायचं?

कंदील
एका लहानशा फिल्म सोसायटीची माहितीपत्रकं मी मराठीत करते. पुढच्या महिन्यात 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) आहे. कथा दार्जिलिंगकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या एका मठाची, पण चित्रण जवळजवळ सगळं लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झालं. दऱ्या, शिखरं, घंटेखालचा खोल कडा, सगळं काचेवर नाहीतर मागच्या पडद्यावर रंगवलेलं. बाहेरचं म्हणून जे थोडं आहे, तेही ससेक्समधल्या एका बागेतलं. मूळ इंग्रजी टिपणात एका वाक्याचा आशय असा आहे: हा हिमालय हाताने केलेला आहे हे डोळ्यांना कळतं, आणि ते कळण्यातच या चित्रपटाची जादू आहे.

मी लिहिलं, 'यातली उघड कृत्रिमता चित्रपटाला अधिक सुंदर करते.' संपादकांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, "कृत्रिमता सुंदर कशी करेल? वाचकाला छपाईची चूक वाटेल."

दोन दिवस त्या वाक्याशी झटते आहे. बनावट, नकली, खोटा, नाटकी, दिखाऊ, बेगडी, लटका: हाताला येणारा प्रत्येक शब्द शिवीसारखाच निघतो. जे उघडपणे 'केलेलं' आहे आणि म्हणूनच आवडतं, त्याला मराठीत शब्द नाही का? असणारच. सुचवा.

पाटपाणी
'आभासी' चालेल का?

कंदील
नको. 'आभासी' म्हटलं की आता संगणकच आठवतो, आभासी वर्ग, आभासी चलन. शिवाय हा हिमालय आभासी नाही, तो खडूने रंगवलेला आहे. ही माहिती मला फार आवडली: काही पार्श्वभूमी म्हणजे मोठे करून लावलेले कृष्णधवल फोटो होते आणि कलाविभागाने त्यांवर रंगीत खडूने रंग चढवला. आल्फ्रेड युंगे यांना कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं आणि जॅक कार्डिफ यांना छायाचित्रणाचं.

अमरकोश
आधी 'कृत्रिम'वरचा आळ दूर करतो. हा शब्द जन्मतः निर्दोष आहे. 'कृ' धातूपासून साधलेला, अर्थ एवढाच की 'करण्यातून झालेला'. पाणिनीने या प्रत्ययाला स्वतंत्र सूत्र दिलं आहे. याच साच्यातले दोन शब्द पाहा: 'पक्त्रिम' म्हणजे शिजवून झालेलं, 'उप्त्रिम' म्हणजे पेरून आलेलं. यांत खोटेपणा कुठे आहे? मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत एक 'कृत्रिम' पुत्र आहे. तो आपला म्हणून केलेला मुलगा, तोतया नव्हे. संस्कृतात 'कृत्रिम'ला खोटेपणाची छटा आहेच, पण ती नंतर चिकटलेली. ती आपण का जपायची? कंदीलताई, तुमचं वाक्य बरोबर आहे. संपादकांना हे समजावून सांगा.

घाटमाथा
काका, पाणिनीला काय वाटत होतं यावर आजच्या वाचकाचे कान चालत नाहीत. 'तिचं हसणं कृत्रिम होतं' या वाक्यात कुणालाही पुत्र आठवणार नाही. माझ्या आईला गुडघा बदलायला सांगितला तेव्हा डॉक्टर 'कृत्रिम सांधा' म्हणाले आणि तिचा चेहरा पडला. त्यांनीच पुढे 'नवीन वाटी बसवू' म्हटल्यावर ती तयार झाली. शब्द वापरणाऱ्यांचा असतो.

अमरकोश
शब्द वापरणाऱ्यांचा असतो हे मान्य. पण वापरणाऱ्यांनी तो खराब केला तर दुरुस्तही त्यांनीच करायचा असतो. दरवेळी जुनं भांडं टाकून नवं आणलं तर घरात भांडी उरत नाहीत.

तिठा
आमच्याकडे, म्हणजे सिंधुदुर्गात, हा प्रश्नच येत नाही. आमचा शब्द 'सोंग'.

माझे आजोबा दशावतारात होते. देवळासमोर मांड, त्यावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच डोंगराचं टोक, तेच अंतःपुर. लाकडी तलवारी. राजा पेटाऱ्यातून मुकुट काढायचा, त्यावर बेगड चिकटवलेली. ती एका बाजूने सुटायला लागलेली मला पहिल्या रांगेतून दिसायची. रात्री अकराला संकासुर यायचा तेव्हा त्याच्या काळ्या कापडाच्या आत शेजारचा काका आहे हे मला माहीत होतं. तरी मी आईच्या मागे लपायचो. एकदा मी आजोबांना विचारलं, हे सगळं खोटं ना? ते म्हणाले, "खोटां खंय? सोंग आसा तां."

खोटं वेगळं, सोंग वेगळं. सोंगात समोरच्याला माहीत असतं. फसवणूक नसते.

घाटमाथा
पण तिठाभाऊ, 'आजारपणाचं सोंग केलं' म्हणतो तेव्हा फसवणूकच असते. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' या म्हणीतही तेच.

तिठा
त्या म्हणीत सोंग *आणलेलं* आहे. सोंग *करणं* हे शहराकडचं झालं. आमच्यात सोंग आणतात, म्हणजे दुसरीकडून कुणाला तरी बोलावून आणल्यासारखं. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. माझं म्हणणं यावर ठाम आहे.

उंबरठा
हे 'आणणं' फार सुंदर सांगितलंत. सहमत.

खडीसाखर
मला मूळ मुद्द्यावरच शंका आहे. उघड कृत्रिमपणा चित्रपटाला खरंच सुंदर करतो का? जुनं आहे म्हणून आपण माफ करतो आणि त्या माफीला सौंदर्य म्हणतो, असं मला वाटतं. हिचकॉकचा 'मार्नी' (१९६४) घ्या. रस्ता संपतो तिथे एक प्रचंड जहाज उभं आहे, आणि ते पडद्यावर रंगवलेलं आहे हे लहान मूलही सांगेल. घोडदौडीत मागचं बॅक प्रोजेक्शन, म्हणजे मागच्या पडद्यावर टाकलेलं चित्रण, वेगळं, पुढची नायिका वेगळी. मी तिच्या भीतीत गुंतत जाते आणि तेवढ्यात ते जहाज मला खुर्चीत परत आणून बसवतं. याला मी 'बेगडी' म्हणेन, आणि दूषण म्हणूनच म्हणेन. तेव्हाही समीक्षकांनी नावं ठेवली होती.

कंदील
खडीसाखर, 'मार्नी'बद्दल मी भांडणार नाही, तिथे माझंही मन दोन्हीकडे ओढतं. पण 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये तसं होत नाही, आणि का होत नाही ते मला कळलं आहे असं वाटतं. त्या जोगिणींना तो डोंगर सहन होत नाही. वारा थांबत नाही, हवा फार स्वच्छ आहे, आणि एकेकीला आपली सोडलेली माणसं आठवायला लागतात. खरा हिमालय दाखवला असता तर तो फक्त मागे उभा राहिला असता. हा रंगवलेला आहे म्हणून तो त्यांच्या डोक्यातला वाटतो. गुलाबी जरा जास्तच गुलाबी, दरी जरा जास्तच निळी. मी स्वतः दार्जिलिंगला जाऊन आले आहे. तिथली पहाट सुंदर होती, पण मला तिची भीती वाटली नाही. या खडूच्या पहाटेची वाटते.

आणि हेही सांगायला हवं की मूळ कादंबरीच्या लेखिका रूमर गॉडन यांचं बालपण तेव्हाच्या भारतात, आता बांगलादेशात असलेल्या नारायणगंजला गेलं, आणि त्यांना हा चित्रपट अजिबात आवडला नव्हता. खरा डोंगर ओळखणाऱ्याला रंगवलेला खुपतो, हे मी नाकारत नाही.

सेटिंगवाला
मी अठ्ठावीस वर्षं गोरेगावला सेट उभे केले. आधी सुतारकाम, मग मोल्डिंग. आमच्यात कृत्रिम, बनावट वगैरे कुणी म्हणत नाही. भिंत म्हणजे भिंतच. फक्त "किती लागणार?" असं विचारतात. म्हणजे कॅमेऱ्याला किती दिसणार. दिसणार तेवढीच बांधायची, वर आठ फूट आणि मागे बल्ल्या. देऊळ असलं तर प्लास्टरचं देऊळ, पण पहिल्या दिवशी नारळ फोडताना आम्ही त्याच देवळासमोर फोडतो. आणि पुढे उभं राहायला जागा नसली की "चीट कर" म्हणतात. दोघं बोलताहेत एकमेकांशी, पण तोंड अर्धं कॅमेऱ्याकडे. नटाला "चीट कर" म्हटलं तर त्यात कुणी वाईट मानत नाही.

ताईंना शब्द हवा तर 'बांधीव' बघा. बांधीव हिमालय. आम्ही बांधलेलाच म्हणू.

कंदील
'बांधीव'! सेटिंगवाले दादा, तुम्ही एक दारच उघडलंत. हा 'ईव' प्रत्यय पाहा: कोरीव, घडीव, रेखीव, आखीव, घोटीव, बांधीव. सगळे हाताने केलेल्या वस्तूंचे शब्द, आणि एकातही दूषण नाही. कोरीव लेण्याला कुणी 'खरी गुहा नाही' म्हणून नाक मुरडत नाही. घडीव दगड अनघड दगडापेक्षा वरचाच. 'केलेलं' सांगायला मराठीत मानाचा प्रत्यय आहे आणि मी तत्सम शब्दांतच शोधत बसले होते.

अमरकोश
'घडीव हिमालय' वाचून मला पाथरवट दिसतो.

घाटमाथा
आणि 'बांधीव' म्हटलं की विहीर. बांधीव विहीर, बांधीव रस्ता. प्रत्यय सुंदर आहे, पण प्रत्येक शब्द आपापल्या वस्तूला चिकटलेला आहे. माझी शिफारस वेगळी आहे: 'करामत'. 'पडद्यावरची ही करामत लपत नाही आणि लपवलेलीही नाही.' हा शब्द कौतुकाचा आहे, त्यात हातचलाखीही आहे. मूळ अरबी, तिकडे करामत म्हणजे वली-अवलियाच्या हातून घडलेला चमत्कार. आपल्याकडे येता येता संताचा चमत्कार कारागिराच्या हातात आला.

अमरकोश
अरबीकडे जाण्याची गरज का पडावी? आपल्याकडे भरतमुनींनी हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. नाट्यशास्त्रात दोन धर्म सांगितले आहेत. लोकात जसं घडतं तसं दाखवणं ते 'लोकधर्मी', आणि संकेताने, शैलीने दाखवणं ते 'नाट्यधर्मी'. बाकड्याचं सिंहासन नाट्यधर्मी. खडूचा हिमालयही नाट्यधर्मी. एका शब्दात काम झालं, आणि हीन छटा नाही.

याहून नेमकं हवं असेल तर श्रीशंकुक या जुन्या काव्यशास्त्रकाराचा चित्रतुरगन्याय, म्हणजे चित्रातल्या घोड्याचा दाखला, घ्या. अभिनवगुप्ताने त्याचं मत खोडायला घेतलं आणि मम्मटाने काव्यप्रकाशात नोंदवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. चित्रातला घोडा पाहून आपण 'घोडा' म्हणतो. हे खरं ज्ञान नाही, कारण घोडा तिथे नाही. चुकीचं ज्ञान नाही, कारण आपण फसलेलो नाही. संशय नाही, आणि 'घोड्यासारखं काहीतरी' असंही आपल्याला वाटत नाही. या चारांहून वेगळीच ती प्रतीती आहे. नट पाहून 'राम' म्हणतो ते असं. रंगवलेल्या शिखराला याहून नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही.

खडीसाखर
काका, हे वाचून मी दहा मिनिटं शांत बसले. 'मार्नी'तलं जहाज मला संशयात टाकतं, म्हणून ते फसतं. चित्रतुरग मी स्वीकारलेला असतो. तिथे मी स्वीकारायला तयार नव्हते, कारण बाकीचा रस्ता खऱ्यासारखा होता. 'कॅलिगरी' (१९२०) या जर्मन मूकपटात सावल्यासुद्धा भिंतीवर रंगाने काढल्या आहेत आणि मला एकदाही खटकलं नाही. तिथे सगळंच तसं आहे. मला वाटतं माझी तक्रार कृत्रिमपणाबद्दल नव्हती, सरमिसळीबद्दल होती.

पाटपाणी
पण 'नाट्यधर्मी' हा शब्द माहितीपत्रकात कळणार कुणाला?

अमरकोश
वाचकाला एखादा नवा शब्द शिकायला लावला तर त्याचा अपमान होत नाही.

तिठा
सरमिसळीवरून 'संत तुकाराम' (१९३६) आठवला, कारण खडीसाखर म्हणतात त्याच्या तो उलटा आहे. त्यात जिजाई आहे, म्हैस आहे, पोरांची भूक आहे, सगळं आपल्या गावातल्यासारखं खरं. आणि शेवटी गरुडाच्या आकाराचं विमान येतं, ते बघताक्षणी कळतं की केलेलं आहे. तरी बिघडत नाही. आमच्या गावात जत्रेच्या तंबूत हा लागायचा. आजी सांगायची, विमान आलं की बायका पदर पुढे करून हात जोडायच्या. आजी काही भोळी नव्हती. ती दशावताऱ्याची बायको, मुकुटाला बेगड तीच चिकटवायची. तिलाही कळत होतं की ते दोरीवर किंवा कशावर तरी आहे. तरी हात जोडायची.

उंबरठा
माझ्या मते ते विमान चालतं कारण जिजाई खाली राहते. चित्रपट आपल्याला तिच्या बाजूने, जमिनीवर उभं करतो. वर जाणारं विमान खरं दिसलं असतं तर आपणही वर गेलो असतो आणि ती एकटी पडली असती.

घाटमाथा
आणि पडदे रंगवणारी माणसंच आपल्याकडे चित्रपटात आली हे विसरू नये. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. जंगलाचा पडदा, महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा तयार केला. गंमत अशी की त्यांच्या 'सैरंध्री'तला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल बाबूरावांच्याच हाताखाली तयार झाले. म्हणजे तुकारामाचं विमान ज्यांनी केलं त्यांना खरं वाटेल असं करता येत नव्हतं, असं नाही. १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये त्यांनी भिंतही चालवून दाखवली.

म्हणून मी पुन्हा म्हणतो, 'करामत'. संताचा चमत्कार आणि कारागिराचा हात, दोन्ही एकाच शब्दात.

अमरकोश
शब्दाचा इतिहास रम्य आहे, हरकत नाही. पण 'करामत' आज कानाला कशी लागते ते पाहा. 'ही कुणाची करामत?' हे घरात काच फुटली की विचारतात. 'कृत्रिम'ला आजचा कान लावायचा आणि 'करामत'ला अरबी इतिहासाचा, हे एकाच तराजूत बसत नाही.

घाटमाथा
हे मान्य करावंच लागेल.

पाटपाणी
साधा शब्द सांगू? 'देखावा'. गणपतीत आपण रात्र रात्र देखावे बघत फिरतो. कागदाचा लगदा, कापूस, बल्ब, मोटरवर हलणारी मान. कुणीही 'हे खोटं आहे' म्हणून परत फिरत नाही. उलट मोटर कशी बसवली ते बघायला मंडपाच्या मागे जातो. माझे वडील आम्हाला मुद्दाम मागे न्यायचे.

कंदील
'देखावा' अगदी जवळ आला! आणि 'देखणा' त्याच धातूतून. पण 'नुसता देखावा' हा प्रयोग वाटेत उभा आहे.

पाटपाणी
म्हणून तर 'नुसता' लावावा लागतो, ताई. 'नुसता' काढला की देखावा स्वच्छच आहे.

खडीसाखर
'बनावट'चंही असंच. 'बनावट नोट' म्हणजे तुरुंग, आणि 'भारतीय बनावटीची तोफ' म्हणजे अभिमान. एकच शब्द, एकदा विशेषण आणि एकदा नाम. नाम झाला की सुटतो. 'पाइनवुड बनावटीचा हिमालय' म्हटलं तर?

उंबरठा
हे मला सगळ्यांत आवडलं. सरळ आहे, आणि कुठे झाला तेही सांगतं.

सेटिंगवाला
एक विचारू का. वर 'पडदा' आला. आम्ही मागे लावायच्या चित्राला पडदाच म्हणतो, आणि ज्यावर सिनेमा पडतो तोही पडदा. जाहिरातीत मात्र 'नेपथ्य' छापतात. हा शब्द सावरकरांनी दिला असं आम्हाला सांगितलं होतं.

अमरकोश
'दिग्दर्शक', 'बोलपट', 'मध्यंतर' हे सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. 'नेपथ्य' मात्र फार जुना, फक्त त्याचा अर्थ वेगळा होता. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे वेशभूषा, आणि वेश करायची पडद्यामागची जागा. शाकुंतलाच्या सुरुवातीला सूत्रधार नटीला विचारतो, नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे ये. म्हणजे तिचं नटणं आटोपलं का. आणि आश्रमातलं हरीण मारू नकोस असं दुष्यंताला सांगणारा आवाज येतो तो नेपथ्यातून, म्हणजे न दिसणाऱ्या जागेतून. आज मराठीत त्याच शब्दाचा अर्थ दिसणारा देखावा झाला आहे. आतला शब्द बाहेर आला.

तिठा
दशावतारात अजून आतच आहे, फक्त त्याला 'रंगपट' म्हणतात. आम्हा पोरांना तिथे जायला बंदी. एकदा मी फट करून पाहिलं तर सीता बसून विडी ओढत होती. तासाभराने तीच सीता अशोकवनात रडली तेव्हा मीही रडलो.

घाटमाथा
अवांतर होतंय, पण फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या होत्या. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तेच तारामती. स्त्रीपार्टी बघायची सवय असलेल्या प्रेक्षकाला ते खटकलं नसावं. म्हणजे काय खटकतं आणि काय नाही, हे प्रेक्षकाने आधी काय पाहिलं आहे यावर ठरतं. आज कुणी तसं केलं तर पहिल्या मिनिटाला हशा होईल.

खडीसाखर
होईलच असं नाही. 'किंग काँग' (१९३३) मी मुलीला दाखवला. वीतदोनवीत उंचीचा बाहुला, अंगावर सशाची फर, आणि एकेका चौकटीसाठी हलवताना बोटं लागून ती फर सतत थरथरत राहते. मी तिला हे आधी सांगितलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, त्याला कुणीतरी सारखं कुरवाळतंय असं वाटतं.

उंबरठा
मुलीचं हे वाक्य माहितीपत्रकात घालायला हवं.

कंदील
मजकूर आज दुपारी छापायला गेला. 'पाइनवुड बनावटीचा' संपादकांना साबणाच्या जाहिरातीसारखं वाटलं. 'नाट्यधर्मी' फार जड झालं. शेवटी मी लिहिलं होतं, 'हा घडीव, रंगीत खडूचा हिमालय लपत नाही, म्हणूनच मनातून जात नाही.' छापायला गेलं आहे ते असं: 'यातला हिमालय कृत्रिम असला तरी सुंदर आहे.'

ते 'असला तरी' मला दुपारपासून टोचतं आहे.

अमरकोश
'असला तरी' चुकीचं आहे. 'असल्याने' हवं होतं. शब्दाची गरजच नव्हती, अव्ययाची होती. मी पहिल्याच उत्तरात म्हटलं होतं की 'कृत्रिम' निर्दोष आहे.

घाटमाथा
काका, 'कृत्रिम असल्याने सुंदर' वाचूनही संपादकांनी तीच रेघ मारली असती.

तिठा
सेटिंगवाले दादा, एक काम होतं. आजोबांचा मुकुट अजून आमच्या माळ्यावर आहे. बेगड पार गेली आहे. बाजारात मागितली तर भेटवस्तू गुंडाळायचा प्लास्टिकचा चमकी कागद देतात, तो गोंदाने बसत नाही, कडेला उचलतो. जुनी, पत्र्यासारखी पातळ बेगड तुमच्याकडे अजून कुणी ठेवतं का?

सेटिंगवाला
ठेवायचे. ताबूत आणि मखरं करणाऱ्यांकडे मिळायची. विचारून सांगतो. मुकुट पुठ्ठ्याचा आहे का लाकडाचा? लाकडाचा असेल तर आधी जुनी खळ पाण्याने सोडवून घ्या, खरवडू नका.